‘प्रोस्टेट वाढली’ आणि ‘पीएसए वाढला’

मुतखड्याच्या संशयावरून पोटाची सोनोग्राफी होते आणि रिपोर्टच्या शेवटी ‘ग्रेड टू प्रोस्टेटोमेगाली’, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली, अशी ओळ निघते. कुणाच्या हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये पीएसए (प्रोस्टेटच्या एका प्रथिनाची रक्ततपासणी) ६.० येतो, आकडा ठळक छापलेला. घरी दोन्हीचा अर्थ एकच लागतो: प्रोस्टेटचं काहीतरी निघालंय. पहिला विनाकारण घाबरतो. मात्र ‘सोनोग्राफीत गाठबिठ काही नाही’ म्हणून पीएसएचा कागद ड्रॉवरमध्ये टाकणाऱ्याची चूक जास्त महागात पडते.

प्रोस्टेट मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेभोवती असते. तरुणपणी साधारण २०-२५ सीसी. वयाबरोबर वाढतो तो नळीला खेटलेला मधला भाग. नळी दाबली जाते, धार बारीक होते, रात्री तीन-चारदा उठावं लागतं, लघवी करून आल्यावरही मोकळं वाटत नाही. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे आणि तिचा पुढे कॅन्सर होतो असंही नाही. कॅन्सर बहुतेकदा मागच्या, गुदाशयाकडच्या भागात सुरू होतो. नळीपासून लांब असल्यामुळे सुरुवातीला लघवीची काहीच तक्रार नसते. डॉक्टर गुदद्वारातून बोटाने तपासतात ते हा मागचा भाग हाताला लागतो म्हणून. मिनिटभराचं काम, पण लाजेपायी टाळलं जातं. तिथे कडक गाठ लागली तर पीएसए कमी असला तरी पुढच्या तपासण्या कराव्या लागतात.

पोटावरून केलेली सोनोग्राफी मोजते आकार: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची गुणिले ०.५२. ४.६, ४.२ आणि ४.० सेंमी म्हणजे साधारण ४० सीसी. शिवाय लघवी केल्यावर मूत्राशयात किती उरते तेही दिसते. (तासन्‌तास दाबून धरल्यावर मोजलं तर हा आकडा फुगतो, पुन्हा एकदा जाऊन येऊन मोजायला सांगावं.) सुरुवातीचा कॅन्सर मात्र यात दिसत नाही.

पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते प्रथिन. त्यातलं थोडं रक्तात उतरतं. ते फक्त कॅन्सरच्याच पेशी बनवतात असं नाही, सगळा घोळ इथेच आहे. ग्रंथी मोठी असेल तर पीएसए जास्त, जंतुसंसर्ग असेल तर आणखी जास्त. ४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही रूढ मर्यादा. ४ ते १० च्या पट्ट्यात बायोप्सी केलेल्या साधारण चारांपैकी एकातच कॅन्सर सापडतो.

म्हणून दोन्ही कागद शेजारी ठेवून एक भागाकार करावा: पीएसए भागिले आकारमान. पीएसए ६ आणि ग्रंथी ६० सीसी असेल तर उत्तर ०.१०. तोच ६ आणि ग्रंथी २५ सीसी, तर ०.२४. पहिल्यात आकडा मोठ्या ग्रंथीमुळे असण्याची शक्यता बरीच. दुसऱ्यात एवढ्याशा ग्रंथीतून इतकं येतंय कुठून, हा प्रश्न उरतो. ०.१५ च्या वर गेलं की यूरोलॉजिस्टचा कल एमआरआय आणि मग बायोप्सीकडे झुकतो. बायोप्सीशिवाय कॅन्सरचं निदान पक्कं होत नाही.

त्याआधी आकडा तरी खरा आहे का ते पाहावं. रक्त देण्याआधी दोन दिवस सायकल आणि संभोग टाळावा. लघवीला जळजळ, ताप असेल तर उपचार संपल्यावर सहा-आठ आठवडे थांबावं. कॅथेटर घातला असेल तरीही तसंच. उपाशी राहायची गरज नाही. एका वाढलेल्या आकड्यावर थेट बायोप्सी करू नये. काही आठवड्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये, पुन्हा तपासावं.

तक्रार नसताना पीएसए करावा का, हे पन्नाशीनंतर डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झाला असेल तर पंचेचाळिशीपासून. सत्तरीनंतर सहसा सुचवत नाहीत, कारण या वयात सापडणारे बरेच कॅन्सर इतके संथ असतात की उपचारांचाच त्रास जास्त होतो: लघवीवर ताबा न राहणं, लैंगिक दुर्बलता.

सर्वात जास्त फसवणारा आकडा वाढलेला नसतो, कमी दिसणारा असतो. प्रोस्टेट आकसावी म्हणून दिलेलं फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सहा महिने ते वर्षभरात पीएसए जवळपास निम्मा करतं. केस गळतीसाठी घेतलेली १ मिलिग्रॅमची गोळीही हेच करते, आणि ती ‘औषध’ म्हणून सांगायचं कुणाच्या लक्षातच येत नाही. धार सुधारायला दिलेल्या टॅमसुलोसिनने असं होत नाही. पण काही वेळा एकाच गोळीत टॅमसुलोसिनबरोबर ड्युटास्टेराइडही असतं, तेव्हा पाकिटावरची दोन्ही नावं वाचावीत. वर्षभर ही गोळी घेणाऱ्याच्या रिपोर्टवरचा ३.२ म्हणजे खरा ६.४ च्या आसपास. लॅब तो ठळक छापत नाही.