दंगल (चित्रपट)

हरियाणातील पहिलवान महावीरसिंह फोगाट आणि त्यांनी स्वतः कुस्ती शिकवून घडवलेल्या मुली, प्रामुख्याने गीता आणि बबिता, यांच्या जीवनावर आधारलेला हिंदी चरित्रपट. नितेश तिवारी यांनी दिग्दर्शित केलेला हा १६१ मिनिटांचा चित्रपट भारतात २३ डिसेंबर २०१६ रोजी प्रदर्शित झाला. आमिर खान, किरण राव आणि सिद्धार्थ रॉय कपूर हे त्याचे निर्माते होत. मराठी माणसाला ‘दंगल’ म्हटले की आधी दंगाधोपा आठवतो. उत्तर भारतात मात्र मातीवरच्या जाहीर कुस्त्यांना हा शब्द आहे, म्हणजे आपल्याकडचे कुस्त्यांचे मैदान किंवा फड.

महावीरसिंह हे बलाली गावचे. हे गाव पूर्वी भिवानी जिल्ह्यात होते, आता ते चरखी दादरी जिल्ह्यात येते. नामांकित मल्ल चंदगीराम यांच्याकडे त्यांनी कुस्तीचे धडे घेतले होते. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये कर्णम मल्लेश्वरी यांनी भारोत्तोलनात कांस्यपदक मिळवले आणि ऑलिंपिक पदक जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या, तेव्हा मुलीही हे करू शकतात ही खूणगाठ महावीरसिंहांनी मनाशी बांधली. महिला कुस्तीचा ऑलिंपिकमध्ये समावेश २००४ च्या अथेन्स स्पर्धेपासून झाला. ज्या राज्यात २०११ च्या जनगणनेतही दर हजार पुरुषांमागे ८७९ स्त्रियाच होत्या, तेथे मुलींना लंगोटबंद पोरांसमोर आखाड्यात उतरवणे म्हणजे काय, हे लक्षात घेतल्याशिवाय या कथेचे वजन कळत नाही.

चित्रपटातील महावीरला मुलगा हवा असतो. देशासाठी सुवर्णपदक आणण्याचे आपले अपुरे स्वप्न तो पुरे करील ही आशा असते. एकामागून एक चार मुली होतात. गीता आणि बबिता गावातल्या दोन पोरांना बदडून काढतात आणि त्या तक्रारीतूनच बापाला वाट दिसते. मग पहाटे पाचला उठणे, धावणे, जोरबैठका, चिंचा-पाणीपुरी बंद, आणि शाकाहारी घरात कोंबडी. आई आपली भांडी देत नाही, म्हणून ती वेगळ्या भांड्यात, चुलतभावाकडून शिजवून घ्यायची. सरकारी मॅट मिळत नाही, तर घरातल्या गाद्या जोडून तिची गरज भागवली जाते. मातीमुळे केसांत उवा होतात या सबबीवर केस कापले जातात, तो प्रसंग पाहताना मुलींइतकाच प्रेक्षकही हबकतो. या सक्तीविरुद्ध मुली आपल्या परीने बंडही करतात. ते थांबते चौदा वर्षांच्या मैत्रिणीच्या लग्नात: नवरी स्वतःच सांगते की, तुमचा बाप तुम्हाला निदान आपली लेकरे तरी समजतो.

प्रशिक्षक झालेल्या पालकाची कोंडी दिग्दर्शकाने दोन जागी फार नेमकी पकडली आहे. एका रात्री झोपलेल्या मुलींचे पाय चेपत असताना महावीर पत्नीपाशी कबूल करतो की, वस्ताद होताना आपल्याला बाप बाजूला ठेवावा लागतो. दुसरा प्रसंग त्याहून अवघड आहे. राष्ट्रीय अकादमीतून सुटीत घरी आलेली गीता नवे डाव गावातल्या मुलींना दाखवू लागते, शब्दाला शब्द लागतो आणि बाप-लेक त्याच मातीत समोरासमोर उभे राहतात. ती त्याला पाडते. धापा टाकत, मातीने माखून उठणारा तो थोराड देह पाहताना कोण जिंकले हे सांगणे कठीण होते. संपूर्ण चित्रपटातील हा सर्वांत प्रामाणिक क्षण आहे.

आमिर खान यांनी उतारवयातील महावीर साकारण्यासाठी आपले वजन सुमारे ९७ किलोपर्यंत वाढवले; तो भाग आधी चित्रित करून मग वजन उतरवून तरुणपणाची दृश्ये घेण्यात आली. गीताची भूमिका झायरा वसीम (लहानपण) व फातिमा सना शेख यांनी, तर बबिताची सुहानी भटनागर (लहानपण) व सान्या मल्होत्रा यांनी केली. सुहानीचे २०२४ मध्ये, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी निधन झाले. कुस्तीपटू कृपाशंकर बिश्नोई यांनी या सर्वांना कुस्ती शिकवली. पडद्यावरच्या लढतींत बदली कलाकारांचा भास होत नाही, याचे श्रेय त्या मेहनतीला द्यायला हवे. आईच्या भूमिकेत साक्षी तन्वर आहेत. संगीत प्रीतम यांचे, गीते अमिताभ भट्टाचार्य यांची.

प्रत्यक्षात गीता फोगाट यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो वजनी गटात सुवर्णपदक जिंकले. या स्पर्धेत कुस्तीचे सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. बबिता यांना त्याच स्पर्धेत रौप्य आणि २०१४ साली ग्लासगो येथे सुवर्ण मिळाले. चित्रपटात अंतिम लढत शेवटच्या सेकंदांत, पाच गुणांच्या डावावर फिरते. खरी लढत ऑस्ट्रेलियाच्या एमिली बेन्स्टेड यांच्याविरुद्ध बरीच एकतर्फी झाली होती. वडिलांना ऐन सामन्याच्या वेळी खोलीत कोंडण्याचा प्रसंगही काल्पनिक आहे. प्रमोद कदम हे गिरीश कुलकर्णी यांनी उत्तम रंगवलेले राष्ट्रीय प्रशिक्षकाचे पात्रही कल्पित आहे, पण तेव्हाचे प्रशिक्षक पी. आर. सोंधी यांनी त्या चित्रणावर जाहीर आक्षेप घेतला, आणि तो रास्त होता: पाया बापाने घातला तरी आंतरराष्ट्रीय मॅटवरची तयारी अनेक हातांनी होते, आणि चित्रपटाने ते हात खलनायकाच्या रंगात बुडवले. महावीरसिंहांनी सांभाळून घडवलेल्या दोन पुतण्यांपैकी विनेश पुढे एशियाड सुवर्णविजेत्या झाल्या. विनेश आणि प्रियांका या दोघींनाही कथेत जागा नाही. महावीरसिंहांना २०१६ सालचा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन व अभिनेता यांसह फिल्मफेअर पुरस्कार लाभले, आणि झायरा वसीम यांना साहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पाकिस्तानात राष्ट्रगीत व तिरंग्याची दृश्ये वगळण्याची अट निर्मात्यांनी नाकारल्याने तेथे तो प्रदर्शित झाला नाही. मे २०१७ मध्ये ‘कुस्ती खेळूया, बाबा’ अशा अर्थाच्या नावाने तो चीनमध्ये पोहोचला आणि एकट्या त्या देशात त्याने १,००० कोटी रुपयांहून अधिक कमाई केली. आपले स्वप्न मुलांवर लादण्याचा अधिकार बापाला आहे का, हा भारतात उमटलेला प्रश्न तेथील प्रेक्षकांनीही समाजमाध्यमांवर तितक्याच तळमळीने मांडला.