नंबर तपासण्यापूर्वी आम्ही औषधांची चौकशी का करतो

चष्म्याचा नंबर तपासायला आलेल्या ग्राहकांना आम्ही आधी विचारतो की, सध्या कोणत्या गोळ्या किंवा डोळ्यांत घालायचे थेंब चालू आहेत. काहींना हा प्रश्न अनाठायी वाटतो. परंतु नेहमीच्या औषधांमुळेही नजर अधू होऊ शकते, आणि अशा वेळी नुसता चष्मा बदलून दिला तर मूळ दुखणे झाकले जाते.

आम्हाला सर्वाधिक काळजी वाटते ती स्टेरॉइडच्या थेंबांची. मुलांच्या डोळ्यांना ॲलर्जीने खाज सुटली की जुनी चिठ्ठी दाखवून तेच थेंब पुन्हा आणले जातात. लाली लवकर उतरते, म्हणून विश्वास बसतो. मात्र ते महिनोन्‌महिने घातल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि तो बहुधा दुखत नसल्यामुळे कडेचे दिसेनासे झाल्याचे फार उशिरा लक्षात येते. ती गेलेली नजर परत मिळत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांना मोतीबिंदूही अकाली होऊ शकतो.

क्षयरोगावरील इथॅम्ब्युटॉल काही रुग्णांच्या डोळ्याच्या नसेला इजा करते. हे औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने मूत्रपिंड कमजोर असणाऱ्यांना धोका अधिक असतो. दोन्ही डोळ्यांना अंधुक दिसू लागते, लाल व हिरव्या रंगांतील फरक कळेनासा होतो, आणि कोणतेही भिंग लावले तरी तक्त्यावरील अक्षरे स्पष्ट होत नाहीत. अशा ग्राहकाच्या चष्म्याची ऑर्डर आम्ही घेत नाही. त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांना भेटण्यास सांगतो. क्षयाचे औषध स्वतःहून बंद करणेही तितकेच घातक असल्यामुळे तो निर्णय डॉक्टरांवरच सोपवावा.

अर्धशिशीसाठी टोपिरामेट सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अचानक दूरचे दिसेनासे झाले, तर तो वाढलेला नंबर समजू नये. डोळा दुखत असल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन घेणाऱ्यांनी सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळ्याच्या पडद्याची तपासणी करून घ्यावी. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्यांनी, ते पूर्वीच बंद केलेले असले तरी, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी सर्जनना तसे आवर्जून सांगावे, कारण शस्त्रक्रियेच्या वेळी बाहुली पुरेशी मोठी होत नाही.

औषधांची नावे लक्षात राहणे अवघड असते, म्हणून तपासणीला येताना गोळ्यांची पाकिटे आणि थेंबांच्या बाटल्या सोबत आणाव्यात.