रीफर कंटेनरची पूर्वतपासणी

रिकामा रीफर, म्हणजे शीतयंत्र जोडलेला कंटेनर, माल भरण्यासाठी निर्यातदाराच्या ताब्यात देण्यापूर्वी त्याच्या यंत्राची, पेटीची आणि स्वच्छतेची केली जाणारी तपासणी. मुंबई व न्हावा शेवा परिसरातल्या डेपोंत तिला नुसते ‘पीटीआय’ म्हणतात. ‘प्री-ट्रिप इन्स्पेक्शन’ या नावाचे हे लघुरूप. तपासणीत उतरलेल्या कंटेनरला यंत्राच्या बाजूने तारखेचा स्टिकर लावतात. तिची मुदत प्रत्येक शिपिंग लाइन आपापल्या नियमाप्रमाणे ठरवते. ३० दिवसांची मुदत बऱ्याच ठिकाणी आढळते.

रीफर म्हणजे चालते-फिरते शीतगृह, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे, आणि पूर्वतपासणीतून काय सिद्ध होते व काय होत नाही हे समजण्यात तिचाच अडथळा होतो. रीफरचे यंत्र गरम माल थंड करण्यासाठी बांधलेले नसते. थंड करून आणलेला माल थंड ठेवणे एवढेच त्याचे काम. निफाड-पिंपळगावची द्राक्षे पॅकहाउसमध्ये पूर्वशीतन होऊन ० अंशाच्या आसपास आलेली असतील तरच ती वाटेत तशी राहतात. तपासणी यंत्राची ग्वाही देते, मालाची नाही.

रचना : आज सर्वाधिक वापरात असलेला रीफर सुमारे १२.२ मीटर लांब आणि २.९ मीटर उंच, म्हणजे ‘चाळीस फुटी हाय क्यूब’ असतो. भिंतींच्या दोन पत्र्यांमध्ये पॉलियुरेथेन फोम असतो. दाराच्या समोरची आखूड बाजू म्हणजेच यंत्र. थंड हवा यंत्रातून खाली उतरते, जमिनीवरच्या ‘टी’ आकाराच्या ॲल्युमिनियम पट्ट्यांमधल्या खाचांतून दारापर्यंत जाते, मालामधून वर येते आणि छताखालून परत यंत्राकडे ओढली जाते. म्हणून भिंतीवर लाल रेघ मारलेली असते. माल तिच्या वर गेला की परतीची वाट बुजते. यंत्राला ३८० ते ४६० व्होल्टची तीन फेजची वीज लागते. यार्डात आणि जहाजावर ती चार पिनांच्या प्लगमधून मिळते, रस्त्यावर ट्रेलरला लावलेल्या जेनसेटमधून (डिझेल जनित्रातून).

उगम : पूर्वतपासणीची पद्धत नेमकी कोठून आली याचा विचार दोन दिशांनी करता येतो. पहिली दिशा सागरी आहे. ‘फ्रिगोरिफिक’ जहाजाने १८७६ मध्ये फ्रान्सहून अर्जेंटिनाला शीतयंत्राच्या आधारे मांस नेले. ‘स्ट्रॅथलेव्हन’ १८८० मध्ये ऑस्ट्रेलियाहून आणि ‘डनेडिन’ १८८२ मध्ये न्यूझीलंडहून गोठवलेले मांस घेऊन लंडनला पोहोचले. त्यानंतर शीतकक्षांत माल भरण्याआधी सर्वेक्षकाने कक्ष व यंत्रे पाहून दाखला देण्याची रीत रुळत गेली. या रीतीला कायद्याचे बळ मिळाले ते १९२४च्या हेग नियमांनी, म्हणजे सागरी मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी. प्रवास सुरू होण्यापूर्वी आणि सुरू होताना जहाजाचे शीतकक्ष माल स्वीकारण्यास व टिकवण्यास योग्य असावेत यासाठी वाहकाने रास्त दक्षता घेतली पाहिजे, असे त्यांत स्पष्ट शब्दांत आहे. भारतात हे नियम १९२५च्या सागरी मालवाहतूक कायद्याने आले. २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली.

दुसरी दिशा रस्त्याची आहे. अमेरिकेत ट्रकचालकाने गाडी बाहेर काढण्याआधी ब्रेक, दिवे, टायर पाहण्याची शिस्त १९३५च्या मोटर वाहतूक कायद्यानंतर नियमबद्ध होत गेली. ट्रकवर बसवायची शीतयंत्रेही याच सुमारास आली. अमेरिकन संशोधक फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स यांचे नाव त्यांच्याशी जोडले जाते. ‘ट्रिप’ हा शब्द ट्रकवाल्यांचा आहे. जहाजाच्या प्रवासाला इंग्रजी खलाशी सहसा ‘व्हॉयेज’ म्हणतात. नाव रस्त्यावरून आणि जबाबदारी समुद्रावरून आली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. कंपनीने दिलेला कंटेनर हा शीतकक्षाप्रमाणे ‘जहाजाचा भाग’ ठरतो का, हा वाद मात्र त्यातूनच उभा राहिला. ज्याने पेटी पुरवली त्याच्यावर ती योग्य असल्याची जबाबदारी, हा पक्ष अधिक पटणारा आहे.

या पद्धतीचा काळ ठरवताना आणखी एक अडचण येते. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून चाललेल्या ‘पोर्टहोल’ कंटेनरमध्ये यंत्र नव्हतेच. पुढच्या भिंतीला दोन गोल भोके, आणि थंड हवा जहाजाच्या मध्यवर्ती यंत्रणेतून नळांवाटे यायची. त्याची तपासणी म्हणजे फोम, भोकांची झाकणे आणि दाराचे रबर. आजच्या अर्थाची पूर्वतपासणी अंगभूत यंत्राच्या कंटेनरबरोबर, म्हणजे बहुधा १९७०च्या दशकात, आकाराला आली असावी. त्या काळी यंत्रावर एक गोल कागदी चकती फिरत असे. ३१ दिवसांत एक फेरा, आणि वर तापमानाची रेघ ओढणारी लेखणी. तंत्रज्ञ थर्मामीटर व अँपिअर मीटर घेऊन तपासणी करी आणि निकाल हाताने लिही. १९८०च्या दशकात सूक्ष्मप्रक्रियक (मायक्रोप्रोसेसर) आले आणि तपासणीचा क्रमच यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये भरला गेला.

यंत्राची तपासणी : कंट्रोलरवर तपासणीचे बटण दाबले की तो एकेक भाग स्वतः चालवतो, त्याने ओढलेला विद्युतप्रवाह मोजतो आणि ठरलेल्या मर्यादेशी ताडून पाहतो. छोट्या तपासणीत पंखे, कॉम्प्रेसर, हीटर आणि तापमानाचे सेन्सर एवढेच येतात. पूर्ण तपासणीत यंत्राला खरे काम करावे लागते : पेटी आधी ० अंशावर आणून तेथे स्थिर ठेवायची, डिफ्रॉस्ट करायचा (यंत्रातल्या थंड नळ्यांच्या कॉइलवर धरलेला बर्फ वितळवायचा), मग उणे १८ अंशापर्यंत उतरवायची. याला काही तास लागतात, आणि एप्रिल-मेच्या उन्हात अधिक. ० अंशाची परीक्षा फळांसाठी, उणे १८ची मासे व मांसासाठी. पहिलीत अचूकपणा पाहिला जातो, दुसरीत ताकद. द्राक्षाला अर्धा अंश इकडेतिकडे चालत नाही, म्हणून फळांच्या कंटेनरसाठी पहिलीकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे.

सेन्सर खरे सांगतो का, हे यंत्र स्वतः सांगू शकत नाही. दोन सेन्सर एकाच दिशेने चुकले तर कंट्रोलरला ते जुळलेलेच दिसतात. यासाठीची रीत साधी आणि जुनी आहे. गोड्या पाण्याच्या बर्फाचा चुरा भांड्यात घट्ट भरायचा, वर थंड पाणी ओतायचे, ढवळत राहायचे आणि सेन्सरची टोके त्यात बुडवायची. पडद्यावर ०.० यायला हवे. बर्फ कमी पडून तरंगू लागला की तळाचे पाणी ० अंशावर राहत नाही आणि चांगला सेन्सर उगाच नापास होतो. कीड मारण्यासाठी ठरावीक दिवस ठरावीक थंडी द्यावी लागणाऱ्या फळांत गरात खुपसायच्या सळ्याही याच रीतीने तपासतात.

वायू : शीतक वायूची तपासणी हा स्वतंत्र विषय आहे. जुन्या यंत्रांतला आर-१२ हा ओझोनला घातक म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानंतर मागे पडला आणि आर-१३४ए व आर-४०४ए रूढ झाले. वायू कमी पडल्याचे पहिले लक्षण म्हणजे तापमान उतरायला लागणारा जादा वेळ. प्रत्येक तपासणीत गेज लावून दाब पाहण्याची सवय चांगली नाही. दर जोडणीला थोडा वायू जातो आणि थोडी हवा शिरते.

२०११ मध्ये या तपासणीला वेगळेच गांभीर्य आले. व्हिएतनाम व ब्राझीलमध्ये रीफरची यंत्रे फुटली आणि तीन तंत्रज्ञ मृत्युमुखी पडले. आर-१३४ए म्हणून भरलेल्या बनावट वायूत मिथाइल क्लोराइड मिसळलेले होते. कॉम्प्रेसरमधल्या ॲल्युमिनियमशी त्याची अभिक्रिया होऊन ट्रायमिथाइल ॲल्युमिनियम तयार होते, आणि ते हवेचा स्पर्श होताच पेट घेते. वायूत क्लोरीनयुक्त भेसळ आहे का हे ज्योतीच्या दिव्याने पाहण्याची चाचणी तेव्हापासून अनेक ठिकाणी आली. ही तपासणी द्राक्षांइतकीच यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या माणसासाठीही आहे, आणि ते दरवेळी लक्षात ठेवायला हवे.

पेटीची तपासणी : येथे कंट्रोलर काही करू शकत नाही. दाराच्या रबराची परीक्षा उजेडाने होते. एकजण आत उभा राहतो, दुसरा बाहेरून दार लावून तेथेच थांबतो. आत पूर्ण अंधार झाला पाहिजे. कोपऱ्यात सुईएवढी उजेडाची रेघ दिसली तरी तेथून उष्ण हवा येणार. मग जमिनीच्या खाचा, पाण्याचा निचरा करणाऱ्या नळ्या, भिंतीवरचे पोचे, आणि वास. मागच्या फेरीत मासे गेले असतील आणि धुलाई वरवरची झाली असेल, तर डाळिंबाच्या खोक्यांना तो वास लागतो. ताजी हवा घेणारी झडप हाताने फिरवून पाहतात : गोठवलेल्या मालासाठी ती बंद हवी, फळांसाठी सांगितलेल्या आकड्याएवढी उघडी.

उरण परिसरातल्या एका डेपोत प्रस्तुत लेखकाने पाहिलेला कंटेनर यंत्राच्या सगळ्या पायऱ्यांत उतरला होता, स्टिकरही लागला होता. निचऱ्याच्या नळीत मात्र मागच्या मालाचा वाळलेला लगदा बसला होता. डिफ्रॉस्टचे पाणी तेथेच तुंबून तळच्या खोक्यांपर्यंत गेले असते. एका मुलाने तार घालून नळी मोकळी केली. पाच मिनिटांचे काम. कंट्रोलरच्या नोंदीत नळीचा रकानाच नसतो, त्यामुळे छापील निकालावर विसंबणाऱ्याला ती कधीच दिसणार नाही.

पूर्वशीतनाचा वाद : माल भरण्याआधी रिकामा कंटेनरही थंड करून ठेवावा का, यावर निर्यातदार आणि शिपिंग लाइन यांचे वारंवार मतभेद होतात. थंड पेटीत थंड माल, हे निर्यातदाराला सरळ वाटते. पण उघड्या फलाटावर थंड पेटीचे दार उघडले की बाहेरची दमट हवा आत शिरते, तिचे दव भिंतींवर आणि कॉइलवर धरते, कॉइलवर बर्फ चढतो, आणि ऐन गरजेच्या वेळी यंत्र डिफ्रॉस्टमध्ये जाते. खोकी ओलावतात ते वेगळेच. शीतगृहाचे दार कंटेनरच्या दाराला झडपेने घट्ट जोडलेले असेल तेथे पूर्वशीतन योग्य. नसेल तेथे टाळलेले बरे. मुंबईच्या हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, हा दुसरा पक्षच मानावा.

मुंबई : शहराचा थंडाव्याच्या सागरी व्यापाराशी संबंध जुना आहे, अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ जहाजाने येथे १८३०च्या दशकातच उतरू लागला. रीफरचे काम आज बहुतांशी खाडीपलीकडे चालते. न्हावा शेव्याचे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले, आणि रिकाम्या कंटेनरचे डेपो उरण, द्रोणागिरी, पनवेल या पट्ट्यात पसरले. नाशिककडची द्राक्षे, तळोजाच्या कारखान्यांतली गोठवलेली मासळी, म्हशीचे गोठवलेले मांस, केळी आणि औषधे हा येथला मुख्य माल. जानेवारी ते एप्रिल या द्राक्षहंगामात प्लगच्या जागा अपुऱ्या पडतात आणि पूर्ण तपासणीऐवजी छोटीवर भागवण्याचा मोह होतो. खाऱ्या हवेने कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या, पातळ पात्या गंजतात, त्यांत रस्त्याची धूळ बसते; म्हणून येथे तपासणीआधी कंडेन्सर गोड्या पाण्याने धुणे गरजेचे आहे.

गेटमधून बाहेर पडताना : तपासणी उतरली की बुकिंगप्रमाणे सेटपॉइंट, म्हणजे राखायचे तापमान, भरतात. द्राक्षांना ० अंशाच्या जरा खाली, केळ्यांना १३ ते १४ अंश, मासळीला उणे १८ किंवा त्याखाली. उणे चिन्ह सुटणे ही या कामातली ओळखीची चूक. उणे १८च्या जागी अधिक १८ भरले गेले तरी कंट्रोलर तक्रार करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही आकडे वैध आहेत. काही डेपोंत यासाठी गेटवरचा माणूस बुकिंगचा कागद मोठ्याने वाचतो आणि यंत्रापाशी उभा असलेला दुसरा माणूस पडद्यावरचा आकडा चिन्हासकट उच्चारतो. दोन्ही जुळले की ड्रायव्हरला पावती मिळते.