टिळक खटल्याचं जुनं पुस्तक: किंमत सांगण्याआधी

जुन्या पुस्तकांच्या बाजारात ‘टिळकांच्या खटल्याचं पुस्तक’ म्हणून पुढे केली जाणारी प्रत कुठल्या खटल्याची, हे आधी विचारावं लागतं. राजद्रोहाचे गाजलेले खटले दोन, १८९७ आणि १९०८ चे, आणि दोन्हींचे सविस्तर इंग्रजी वृत्तान्त त्या त्या वर्षीच छापले गेले.

१८९७ चा खटला न्या. स्ट्रॅची यांच्यापुढे चालला. ज्युरीतल्या सहा युरोपियनांनी ‘दोषी’ म्हटलं, तिघा हिंदी सदस्यांनी ‘निर्दोष’. शिक्षा दीड वर्षाची. त्याचा वृत्तान्त सेटलूर आणि देशपांडे या दोघांनी काढला. १९०८ चा वृत्तान्त काढला टिळकांचे सहकारी न. चिं. केळकर यांनी. संग्राहक जास्त मागतात तो हाच, आणि ते रास्तही आहे.

१९०८ मध्ये बिहारातल्या मुझफ्फरपूरला क्रांतिकारकांनी टाकलेल्या बॉम्बनंतर ‘केसरी’त आलेल्या ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांवरून टिळकांना २४ जूनला मुंबईत अटक झाली. १३ जुलैला सुनावणी सुरू झाली. समोर न्या. दावर, १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी बॅरिस्टर म्हणून उभे राहिलेले तेच! टिळकांनी स्वतःच बचाव केला आणि अनेक दिवस मिळून एकवीस तासांवर भाषण केलं. सरकारी कायदा-अहवालात प्रामुख्याने निकाल आणि कायद्याचे मुद्दे येतात, आरोपीचं एवढं लांब भाषण तिथे मावत नाही. ते शब्दशः वाचायचं तर केळकरांच्या पुस्तकाकडे वळावं.

पुण्याच्या घरझडतीत पोलिसांना एक कार्ड सापडलं होतं, त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावं. सरकार पक्षाने ते ज्युरीपुढे ठेवलं. स्फोटकांच्या नव्या कायद्यावर लिहायचं होतं म्हणून ती नावं टिपून ठेवली, असा टिळकांचा खुलासा. असे तपशील मूळ वृत्तान्तात वाचण्याची मजा चरित्रातल्या दोन ओळींत येत नाही. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला: सहा वर्षं काळं पाणी, शिवाय हजार रुपये दंड. याच खटल्यावर ‘मराठा’ या टिळकांच्या इंग्रजी साप्ताहिकात आलेल्या मजकुराबद्दल केळकरांनाही न्यायालयाच्या अवमानाची शिक्षा झाली. प्रकाशकाचं नाव पाहताना एवढं ध्यानात असू द्यावं.

प्रत पहिल्या छपाईची की नंतरची, हे ठरवायला १८६७ चा छापखान्यांचा कायदा उपयोगी पडतो. मुद्रक, प्रकाशक आणि ठिकाण पुस्तकावर छापणं त्या कायद्याने बंधनकारक होतं. सरकारकडे प्रत द्यावी लागे आणि पुस्तकांची नोंद तिमाही यादीत होई. त्या नोंदीत पानं, आकार, आवृत्ती, किंमत, इतकंच काय, किती प्रती छापल्या तेही असे. सरकारने आपल्यावर नजर ठेवायला केलेली ही व्यवस्था आज आपल्यालाच कामाला येते. मुखपृष्ठाच्या आतलं पान फाटलेलं असेल तर अर्धा पुरावा तिथेच गेला.

मग प्रत हातात घ्यायची. त्या काळचा बराचसा कागद आम्लयुक्त; पिवळा पडतो आणि दुमडला की मोडतो. केळकरांच्या पुस्तकात प्रस्तावना, टिळकांचं व्यक्तिचित्र आणि वृत्तपत्रांची मतं आहेत, तेव्हा सगळे भाग जागेवर आहेत का ते पाहावं. कसर लागलेली चालते, पानं कमी असलेली चालत नाहीत. ग्रंथालयाने नवी बांधणी केली की मूळ पुठ्ठा जातो आणि भावही उतरतो. वाचनालयाचा शिक्का असेल तर पुस्तक तिथून रीतसर बाद झालं होतं का, याची चौकशी केल्याशिवाय मी तरी पैसे मोजणार नाही. त्या काळच्या एखाद्या वकिलाची सही किंवा समासातल्या नोंदी असतील, तर मात्र मळकी प्रतही कोऱ्या प्रतीला मागे टाकते.

परदेशी गिऱ्हाईक मिळालं तरी पार्सल करण्याची घाई नको. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार साहित्य किंवा राजकारण यांची साक्ष देणारी शंभर वर्षांची वस्तूही पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. या दोन्ही पुस्तकांनी शंभरी केव्हाच ओलांडली आहे, म्हणून पुरातत्त्व खात्याला आधी विचारलेलं बरं.