काचेचा कठडा

काचेचा कठडा : जिना, गॅलरी किंवा गच्ची यांच्या उघड्या कडेवरून कोणी खाली पडू नये म्हणून सुरक्षा-काचेची तावदाने उभी करून केलेला आडोसा. घरबांधणीच्या व्यवहारात त्याला ‘ग्लास रेलिंग’ म्हणतात. नागपुरात महाल आणि इतवारी भागांतील जुन्या वाड्यांच्या माडीला लाकडी गजांचे कठडे असत. पुढे ले-आउटमधील प्लॉटवर उभ्या राहिलेल्या घरांना सिमेंटची जाळी किंवा लोखंडी ग्रिल आली, त्यानंतर स्टेनलेस स्टीलचे पाइप आले, आणि आता मनीषनगर, बेसा, वर्धा रोड या बाजूंच्या डुप्लेक्स घरांत काच दिसू लागली आहे. या बदलात एक मूलभूत फरक सहज नजरेआड होतो. गजांच्या कठड्यातील एक गज निखळला तरी बाकीचे माणसाला अडवतात. काचेच्या कठड्यात मात्र एक तावदान म्हणजेच मीटर-सव्वा मीटर लांबीचा संपूर्ण कठडा असतो, आणि ते गेले की तेवढी कड उघडी पडते. म्हणून काच किती मजबूत आहे या प्रश्नाइतकाच ती फुटल्यानंतर काय उरते हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. त्याचे उत्तर डोळ्यांना न दिसणाऱ्या दोन गोष्टींत असते : काचेच्या दोन थरांमधील पापुद्रा आणि फरशीखालचा अँकर, म्हणजे कठड्याला काँक्रीटमध्ये धरून ठेवणारा बोल्ट.

साधी काच फुटली की तिचे लांब, धारदार सुरे होतात, त्यामुळे कठड्यासाठी ती सर्वस्वी वर्ज्य आहे. टफन्ड काच तयार करताना साधी काच ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवून तिच्यावर थंड हवेचे झोत सोडतात. पृष्ठभाग आधी गोठतो, गाभा मागाहून आकसतो, आणि त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो. अशी काच साध्या काचेच्या चार ते पाच पट भार सोसते आणि फुटल्यास तिचे लहान, बोथट तुकडे होतात. मात्र पृष्ठभागाचा हा समतोल कोठेही भेदला गेला तर संपूर्ण तावदान एका क्षणात कोसळते. म्हणून टफन केल्यानंतर काचेला भोक पाडता येत नाही की तिची कड घासता येत नाही. क्वचित काचेत अडकलेला निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण काही महिन्यांनी किंवा वर्षांनी फुगतो आणि कोणी हात लावलेला नसतानाही तावदान फुटते. उन्हाळ्यात असे घडले की ‘उन्हाने काच तडकली’ असे म्हटले जाते, परंतु टफन्ड काच सुमारे २०० अंशांचा तापमानफरक सहन करू शकते, त्यामुळे केवळ ऊन हे त्याचे कारण नसते. बहुतेक वेळा दोष कडेला उडालेल्या टवक्याचा, काचेला टेकलेल्या धातूचा किंवा या कणाचा असतो. कारखान्यात तयार तावदाने भट्टीत २६० ते २९० अंशांच्या आसपास काही तास ठेवण्याची ‘हीट सोक’ चाचणी असते. तीत सदोष तावदाने बव्हंशी तेथेच फुटतात, आणि वरच्या मजल्यावरील कठड्यासाठी त्या चाचणीचा खर्च करणे योग्यच आहे.

टफन्ड काचेचे तुकडे बोथट असले तरी दुसऱ्या मजल्यावरून ते अनेकदा एकमेकांना चिकटलेल्या जड ढेपांच्या रूपात खाली येतात. यावरील उपाय लॅमिनेटेड काच हा आहे. फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांना १९०३ मध्ये आतून सेल्युलोज नायट्रेटचा थर बसलेले काचेचे भांडे पडूनही विखुरले नाही असे आढळले, आणि १९०९ मध्ये त्यांनी या कल्पनेचे पेटंट घेतले. आज दोन काचांमध्ये पीव्हीबी म्हणजे पॉलिव्हिनिल ब्युटिरल या प्लास्टिकचा थर उष्णता व दाब देऊन बसवतात. ६ मिलिमीटरच्या दोन टफन्ड काचा आणि मध्ये १.५२ मिलिमीटर पीव्हीबी असे १३.५२ मिलिमीटरचे तावदान, किंवा ८ मिलिमीटरच्या दोन काचांचे १७.५२ मिलिमीटरचे तावदान घरगुती कठड्यांत वापरले जाते. नागपूरच्या हवामानात या थराची निवड विशेष विचारपूर्वक करावी लागते. पीव्हीबी उष्णतेने मऊ पडते. मे महिन्यात हवेचेच तापमान ४५ अंशांवर जाते तेव्हा उन्हातील काच त्याहून तापलेली असते. अशा वेळी दोन काचा एकसंध न राहता जवळजवळ स्वतंत्रपणे वाकतात आणि कठडा हिवाळ्यापेक्षा अधिक झुलतो. त्यातच दोन्ही काचा फुटल्या तर मधला मऊ थर ओल्या चादरीसारखा दुमडतो. आयनोप्लास्ट जातीचा थर, ज्याला कारागीर ‘एसजीपी’ म्हणतात, कित्येक पट ताठ असतो आणि फुटलेले तावदानही बराच काळ उभे धरतो. त्याची किंमत बरीच जास्त असल्याने संपूर्ण घरात तो परवडला नाही, तरी पश्चिमेकडील, दुपारचे ऊन खाणाऱ्या आणि वर हँडरेल नसलेल्या गॅलरीत त्याला खरा पर्याय नाही.

कठड्यावर येणारा भार भारतीय मानक आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात दिला आहे. खाजगी घरातील जिने व गॅलऱ्यांसाठी हँडरेलच्या उंचीवर दर मीटर लांबीला ०.३५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३५ किलोंचा आडवा रेटा धरावा आणि बहुतेक इतर इमारतींत तो ०.७५ किलोन्यूटन धरावा, असे त्यात म्हटले आहे. पस्तीस किलो हा आकडा किरकोळ वाटतो. तो पायथ्याशी काय रूप घेतो हे मात्र पाहण्यासारखे आहे. कठडा एक मीटर उंच असून त्याचा अँकर बोल्ट बैठकीच्या काठापासून पाच सेंटिमीटरवर असेल, तर तरफेच्या नियमाने रेटा वीसपट होतो आणि दर मीटरमागे बोल्टांना सुमारे ७०० किलोंनी वर उपटले जाते. मकर संक्रांतीला पतंग उडवण्यासाठी नागपूरच्या गच्च्यांवर दाटी होते आणि वर पाहत मागे सरकणारी माणसे कठड्यालाच टेकतात, तेव्हा हा हिशेब कागदावर राहत नाही. अशा गच्चीसाठी घरगुती आकडा न धरता ०.७५ चा धरणे शहाणपणाचे ठरते.

वाऱ्याचा विचार घरगुती कामात बहुधा केलाच जात नाही. त्याच मानकाच्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर दिलेला आहे. त्यावरून दर चौरस मीटरला सुमारे ११८ किलोंचा दाब निघतो, आणि भूभाग, उंची व आकार यांनुसार तो कमी-अधिक केला जातो. गजांमधून वारा निघून जातो, काच मात्र तो पूर्णपणे अंगावर घेते. मोकळ्या प्लॉटांनी वेढलेल्या घराच्या गच्चीवर मे-जूनमधील वादळी झोत हाच माणसाच्या रेट्यापेक्षा मोठा भार ठरू शकतो.

हे सर्व भार शेवटी काँक्रीटने पेलायचे असतात, आणि बहुतेक चुका येथेच होतात. गच्ची किंवा गॅलरीत वरून दिसणारी टाइल, तिच्याखालचा मसाला आणि विटांच्या तुकड्यांचा कोबा यांपैकी काहीही अँकरला धरू शकत नाही. बोल्ट त्या थरांतून पार होऊन स्लॅबमध्ये पुरेसा खोल गेला पाहिजे. चार इंची कोब्यात चार इंची बोल्ट ठोकलेला कठडा पहिल्या दिवशी ताठ वाटतो, कारण त्याला अजून कोणी रेटलेले नसते. पुढे काढलेल्या गॅलरीत आणखी एक धोका आहे. तिच्या स्लॅबमधील मुख्य सळ्या वरच्या बाजूस असतात, त्यामुळे स्पिगॉटसाठी, म्हणजे काचेला खालून धरणाऱ्या स्टीलच्या खुंटांसाठी, कोअर कटिंग करताना (यंत्राने स्लॅबमध्ये गोल भोक पाडताना) त्या कापल्या गेल्या तर कठड्याबरोबर गॅलरीही दुबळी होते. नवे घर बांधताना कडेला स्लॅबबरोबरच सहा इंच उंचीची आरसीसी पडदी ओतून घेणे आणि कठडा तिच्यावर बसवणे हा यावरील सर्वांत सरळ मार्ग होय. त्यामुळे वॉटरप्रूफिंगही अखंड राहते. तयार घरात सळ्या शोधणारे यंत्र फिरवून मगच भोके पाडावीत; कड जवळ असेल तेथे भोकात फुगून काँक्रीटवर दाब देणाऱ्या बोल्टाऐवजी केमिकल अँकर, म्हणजे रसायनाने चिकटवलेला बोल्ट, वापरावा आणि तो भरण्यापूर्वी भोकातील भुकटी ब्रशने व हवेने पूर्ण काढावी. धूळ राहिलेल्या भोकात रसायन काँक्रीटला न चिकटता धुळीला चिकटते.

बसवण्याच्या पद्धती मुख्यतः तीन आहेत. ॲल्युमिनियमच्या यू-चॅनलमध्ये काचेची खालची कड सलग धरली जाते, म्हणून भार सर्वांत समान वाटला जातो. स्पिगॉट म्हणजे काचेला खालून चिमटीत धरणारे स्टीलचे आखूड खुंट. त्यांत भार मोजक्या बिंदूंवर एकवटतो. स्टँडऑफ, म्हणजे काचेला भोकातून पकडणारे धातूचे गोल बोंड, ज्याला बाजारात ‘बटन’ म्हणतात, ते जिन्याच्या बाजूच्या उभ्या कडेवर बसते, आणि त्याची भोके टफन करण्याआधीच काचेत पाडावी लागतात.

जिन्याचे काम गॅलरीपेक्षा अवघड असते, कारण प्रत्येक तावदान जिन्याच्या उतारानुसार तिरपे कापलेले असते आणि कोणत्याही दोन पायऱ्या मिस्त्रीच्या हातून तंतोतंत सारख्या उतरत नाहीत. नकाशावरून घेतलेले माप येथे चालत नाही. ग्रॅनाइट किंवा कोटा फरशी बसून तिचे पॉलिश झाल्यावर प्लायवुडचा अथवा जाड पुठ्ठ्याचा नमुना प्रत्येक जागी उभा करून, त्यावर बटनांची भोके खुणावून, तो नमुनाच कारखान्यात पाठवणे श्रेयस्कर. काच परत आल्यावर पाव इंचाची चूकही सुधारता येत नाही. १२ मिलिमीटर काचेचे वजन दर चौरस मीटरला ३० किलो असते, म्हणून अरुंद जिन्यात तावदान व्हॅक्यूम कपांनी दोन-तीन जणांनी उचलावे. ते फरशीवर उघड्या कोपऱ्यावर टेकवू नये, कारण टफन्ड काचेचा कोपरा हाच तिचा सर्वांत नाजूक भाग असतो.

धातू आणि काच सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. जानेवारीच्या पहाटेचे १० अंश आणि मेच्या दुपारी उन्हात तापलेल्या धातूचे ६० अंश धरले, तर तीन मीटर लांबीचे ॲल्युमिनियम सुमारे साडेतीन मिलिमीटरने वाढते, काच मात्र दीड मिलिमीटरहूनही कमी. म्हणून चॅनलच्या जोडांत फट सोडावी, काच व धातू यांच्यामध्ये सर्वत्र रबरी गास्केट असावे आणि दोन तावदाने एकमेकांना टेकू नयेत. मात्र ही फट तसेच खालची मोकळी जागा चार इंचांपेक्षा कमी ठेवावी, कारण लहान मुलाचे डोके त्याहून मोठ्या फटीत शिरू शकते.

जिन्यात हाताला धरण्यासाठी चार-पाच सेंटिमीटर जाडीची गोल हँडरेल असायलाच हवी. काचेची वरची कड मुठीत धरता येत नाही, आणि घरातील वयस्कर व्यक्तींना जिना उतरताना तिचा काही उपयोग नसतो. गॅलरीत हीच हँडरेल सर्व तावदानांना एकत्र बांधते, त्यामुळे एक फुटले तरी शेजारची दोन तिला तोलून धरतात. उन्हात स्टीलची हँडरेल हात भाजते, म्हणून उघड्या जागी चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या सागवानाची घेणे विदर्भात सोयीचे आणि शोभेचेही आहे.

काच मागवताना आयएस २५५३ या मानकाची न पुसणारी खूण प्रत्येक तावदानाच्या कोपऱ्यात आहे की नाही हे पाहावे, कारण नुसत्या डोळ्यांना टफन्ड आणि साधी काच वेगळी ओळखता येत नाही. नव्या घरात फरशी धुण्यासाठी ॲसिड वापरण्याची रीत आहे, पण त्याच्या वाफेनेही स्टेनलेस स्टीलवर तपकिरी ठिपके उठतात. म्हणून ॲसिडचे काम कठडा बसण्याआधीच उरकावे. उन्हाळ्यात गॅलरीत ठेवलेल्या कूलरचे आणि बोअरवेलचे पाणी काचेवर वाळून क्षारांचे पांढरे डाग पाडते. ते वाळण्यापूर्वी ओल्या फडक्याने पुसले तर सहज निघतात, जुने झाल्यावर काचेत मुरतात. चॅनलमध्ये पाणी साचून राहिल्यास ते लॅमिनेटेड काचेच्या खालच्या कडेतून आत शिरते आणि थर दुधी पडून सुटू लागतो. त्यासाठी चॅनलच्या तळाला ठेवलेली निचऱ्याची भोके पावसाळ्याआधी तारेने मोकळी करावीत, आणि त्याच वेळी प्रत्येक तावदान हाताने हलकेच रेटून बैठक हलते का हे तपासावे. एखादे हलत असेल तर गास्केट किंवा बोल्ट दुरुस्त होईपर्यंत त्या कडेला कोणालाही उभे राहू देऊ नये, आणि खालची जागाही मोकळी ठेवावी.