बेघरांच्या हाती झाडू, आणि मजुरीचा जुना वाद

सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या अल्बुकर्की शहरात एक व्हॅन फिरू लागली. न्यू मेक्सिको राज्यातलं हे सर्वांत मोठं शहर. चौकात पुठ्ठ्याची पाटी धरून उभ्या असलेल्या माणसांपाशी व्हॅन थांबायची आणि चालक विचारायचा, आज काम करणार का? जो हो म्हणेल त्याला गाडीत घ्यायचं, ओसाड प्लॉटवरचं तण काढायला आणि कचरा उचलायला न्यायचं, दुपारी जेवण द्यायचं आणि तासाला ९ डॉलर मजुरी द्यायची. काम आटोपलं की सेंट मार्टिन्स या संस्थेच्या केंद्रावर सोडायचं. तिथे औषधपाणी, कागदपत्रं, रात्रीचा निवारा यांची विचारपूस व्हायची. एका खेपेला साधारण दहा माणसं.

महापौर रिचर्ड बेरी यांना ही कल्पना सुचली ती एका पाटीवरून, असं ते सांगत. रस्त्याकडेला उभ्या माणसाच्या पाटीवर पैशांआधी नोकरी मागितलेली होती. वर्षभराच्या आतच या व्हॅनने ९३२ वेळा कुणाला तरी दिवसाचं काम दिलं, सुमारे साडेएकतीस टन कचरा आणि तण उचललं गेलं, आणि शंभरावर माणसं कायमच्या नोकरीपर्यंत पोहोचली. वृत्तपत्रांनी ही गोष्ट उचलून धरली. डेन्व्हर, टल्सा, लेक्झिंग्टन अशा शहरांनीही तसेच कार्यक्रम सुरू केले. ‘भीक नको, काम द्या’ हे कुणालाही पटकन पटतं. मात्र ही कल्पना निदान दोनशे वर्षं जुनी आहे आणि तिचा इतिहास काही फार गोड नाही.

इंग्लंडमध्ये १८२४ च्या भटकेपणाविरोधी कायद्याने निराधार हिंडणं हाच गुन्हा ठरवला. १८३४ नंतर गरिबांसाठी वर्कहाऊस, म्हणजे काम करून घेऊन आसरा देणारी घरं, उभी राहिली. त्यांच्या एका कोपऱ्यात फिरत्या बेघरांसाठी ‘कॅज्युअल वॉर्ड’ असायचे. रात्री पाव आणि पांघरूण मिळे, सकाळी त्याची भरपाई करावी लागे. एकतर खडी फोडायची, नाहीतर जहाजावरचे जुने डांबरी दोर बोटांनी पिंजून त्यांचे धागे सुटे करायचे. हे धागे जहाजाच्या फळ्यांच्या फटी बुजवायला लागत. बोटं सोलवटून निघत. मजुरी शून्य. गंमत अशी की गोदीवर किंवा बांधकामावर रोजंदारीची भरती पहाटे व्हायची, आणि हा माणूस तेव्हा आत खडी फोडत बसलेला असायचा. १८८२ च्या कायद्याने तर त्याला दोन रात्री, म्हणजे तिसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत, अडकवून ठेवायची सोय केली. खरं काम शोधायची वेळ खोट्या कामात जायची. ज्याला आळशी ठरवायचं त्याला आधी कामावर पोहोचू द्यायचं नाही, अशी ही तऱ्हा.

अमेरिकेनेही हेच भटकेपणाचे कायदे उचलले होते. जॅक्सनव्हिल शहराचा तसा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये रद्द केला, तेव्हा कुठे नुसतं हिंडण्यासाठी माणूस पकडण्याला आळा बसला.

आजच्या सफाई योजनांचं खरं मूळ मात्र १९८० च्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्ये आहे. स्वस्त एक-खोलीची लॉजं पाडून महाग घरं उभी राहत होती. मनोरुग्णालयं रिकामी केली जात होती, पण बाहेर पडलेल्यांची सोय कुणी लावत नव्हतं. बेघरांना निवारा देणं शहराने १९८१ मध्ये न्यायालयापुढे मान्य केलं, तरी ग्रँड सेंट्रल रेल्वेस्थानक माणसांनी भरलेलंच राहिलं. कपड्यांच्या धंद्यातले जॉर्ज मॅकडोनल्ड तिथे सातशे रात्री सँडविच वाटत राहिले. या पायी त्यांना अटकही झाली. १९८५ च्या नाताळात स्थानकातून थंडीत बाहेर काढलेली, ‘मामा’ एवढ्याच नावाने ओळखली जाणारी एक बाई न्यूमोनियाने वारली. तिचं पूर्ण नाव कुणालाच माहीत नव्हतं. अमेरिकेत बेवारस स्त्रीची नोंद ‘जेन डो’ अशी करतात. त्यावरून मॅकडोनल्ड यांच्या संस्थेचं नाव पडलं डो फंड.

सँडविच घेणारे लोक मॅकडोनल्ड यांना एकच गोष्ट सांगत: जेवण ठीक आहे, पण आम्हाला एक खोली आणि ती टिकवण्यापुरतं काम हवं आहे. १९९० मध्ये डो फंडने ‘रेडी, विलिंग अँड एबल’ हा कार्यक्रम सुरू केला. आधी ब्रुकलिनमध्ये शहराच्या मालकीच्या मोडक्या घरांची डागडुजी, नंतर रस्त्यांची सफाई. निळा गणवेश आणि ढकलायचा कचऱ्याचा डबा घेतलेली ही माणसं न्यूयॉर्ककरांच्या ओळखीची झाली. राहायला जागा, नशेची नियमित तपासणी, आठवड्याचा पगार, त्यातून सक्तीची बचत. शिस्त कडक होती, आणि त्यावर टीकाही झाली. तरी माझ्या मते इथे एक मूलभूत फरक पडला. खडी फोडणाऱ्याला रात्रीचं ऋण फेडायचं होतं. झाडूवाल्याच्या हातात पैसे पडत होते.

किती पडावेत, यावरून लवकरच भांडण पेटलं, आणि तेही त्याच ग्रँड सेंट्रलच्या आसपास. भोवतालच्या इमारतमालकांनी आणि व्यापाऱ्यांनी स्वच्छता व सुरक्षेसाठी ‘ग्रँड सेंट्रल पार्टनरशिप’ उभारली होती. तिने बेघरांना ‘रोजगाराच्या वाटा’ अशा अर्थाच्या नावाचा कार्यक्रम देऊ केला. साफसफाई, पहारा, कचऱ्याचं वर्गीकरण, कार्यालयातली पडेल ती कामं, आणि मोबदला तासाला १ ते दीड डॉलर. त्या काळी किमान वेतन ४.२५ डॉलर होतं. संस्थेचं म्हणणं, हे प्रशिक्षणार्थी आहेत, कामगार नव्हेत. सुमारे चाळीस जण न्यायालयात गेले. १९९८ मध्ये निकाल लागला: यांनी केलेलं काम संस्थेच्या खऱ्या उपयोगाचं होतं, त्यामुळे हे कामगारच, आणि किमान वेतन त्यांच्या हक्काचं. निकाल देणाऱ्या न्यायाधीश होत्या सोनिया सोटोमायर. अकरा वर्षांनी त्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. पूर्वी व्यसनी, निराधार किंवा गुन्हेगार असलेल्यांकडून नुसत्या अन्न-वस्त्र-निवाऱ्यावर काम करून घेणाऱ्या एका धार्मिक संस्थेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये असाच निकाल दिला होता.

तरीही ‘स्वयंसेवक’ ही पळवाट राहिलीच. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत २००५ मध्ये आयलीन रिचर्डसन यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘डाउनटाउन स्ट्रीट्स टीम’मध्ये बेघर लोक रंगीत टी-शर्ट घालून रस्ते झाडत, आणि त्याबद्दल पगाराऐवजी गिफ्ट कार्ड वगैरे मिळे. या रचनेला एक बाजू होती, हे मान्य करायला हवं. रीतसर नोकरी द्यायची तर ओळखपत्र लागतं, बँकेचं खातं लागतं, आणि फुटपाथवर झोपणाऱ्याची पिशवी चोरीला गेली की पहिली जातात ती कागदपत्रं. दिवसाच्या शेवटी हातात काहीतरी पडणं ही म्हणून निव्वळ सोय नसते. ही टीम अनेक शहरांत पसरली आणि २०२५ मध्ये बंद झाली.

अल्बुकर्कीचा प्रयोग इतक्या वेगाने का पसरला, याला आणखी एक कारण आहे, आणि त्याचा कचऱ्याशी काही संबंध नाही. जून २०१५ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ॲरिझोनातल्या गिल्बर्ट गावाचा पाट्यांविषयीचा नियम रद्द केला. खटला एका छोट्या चर्चच्या रविवारच्या प्रार्थनेची वाट दाखवणाऱ्या पाट्यांचा. पण निकालाचा मुद्दा असा होता की पाटीवर काय लिहिलं आहे ते बघून सरकार सहजासहजी बंदी घालू शकत नाही. दोनच महिन्यांत इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डची भीकबंदी याच तत्त्वावर पडली, आणि मग एकामागून एक शहरांच्या बंद्या पडत गेल्या. बेरी यांनी हा निकाल वाचून व्हॅन काढली असं नव्हे. पण बंदीचं हत्यार हातून निसटलेल्या शहरांना त्यांची व्हॅन आयती सापडली.

खुद्द अल्बुकर्कीने तरी दंडुका कुठे टाकला? २०१७ मध्ये तिथल्या नगर परिषदेने रस्त्याच्या दुभाजकावर उभं राहण्यावर आणि गाडीतल्यांशी देवाणघेवाण करण्यावर निर्बंध आणले. कारण दिलं रहदारीच्या सुरक्षेचं. संघीय न्यायालयाने ते रद्द केले, आणि २०२१ मध्ये अपील न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला. एकाच शहराच्या एका हातात व्हॅनची किल्ली आणि दुसऱ्या हातात दंडाची पावती.

आपल्याकडे या गोष्टीची इंग्लंडहून आलेली शाखा अजून जिवंत आहे. १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंध कायदा भिकारी कुणाला म्हणावं हे सांगताना, उपजीविकेचं दिसेल असं साधन नसलेल्या, सार्वजनिक जागी भटकणाऱ्या माणसालाही त्यात धरतो. पहिल्यांदा पकडला तर तीन वर्षांपर्यंत भिक्षेकरीगृह, वारंवार सापडला तर दहा वर्षांपर्यंत. दिल्लीलाही हाच कायदा लागू केलेला होता. तिथे उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये त्यातली मुख्य कलमं रद्द केली. महाराष्ट्रात तो कायम आहे. वास्तविक मागेल त्याला काम द्यायचा कायदा देशात पहिल्यांदा केला तो याच राज्याने, १९७७ मध्ये. दुष्काळात खडी फोडून मजुरी घेतलेल्या पिढीचा तो कायदा, पण तो ग्रामीण भागापुरता. जुलै २०२१ मध्ये बेघरांच्या जेवणाखाण्याच्या एका याचिकेवर मुंबई उच्च न्यायालय म्हणालं की सगळं राज्याने पुरवायचं नाही, त्यांनीही काम करायला हवं. मुंबईच्या फुटपाथवरच्या माणसाला ते काम कुठल्या कायद्याखाली मागता येतं, याचं उत्तर मात्र राज्याच्या रोजगार हमीत नाही.

भिक्षेकरीगृहात आतल्या लोकांकडून काम करून घेतलं जातं, आणि १९६४ पासून त्याचा मेहनताना महिन्याला ५ रुपये होता. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो दिवसाला ४० रुपये केला. त्या वर्षी रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये मिळत होते.