यॉर्कटाउन (व्हर्जिनिया)

यॉर्कटाउन : अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात यॉर्क नदीच्या दक्षिण काठावर, उंच दरडीवर वसलेले छोटे गाव. ऑक्टोबर १७८१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या ब्रिटिश फौजेने येथे शस्त्रे खाली ठेवली आणि अमेरिकन क्रांतियुद्धाचा निकाल लागला. इतिहासाच्या पुस्तकांत गावाचे नाव येते ते एवढ्यापुरतेच. पण त्या विजयी तोफांची तोंडे गावाकडेच होती, आणि गावाची पुढची कहाणी तिथूनच सुरू होते.

वसाहतीच्या १६९१ च्या कायद्याने येथे बंदर वसले. बेंजामिन रीड यांची ५० एकर जमीन १०,००० पौंड तंबाखू मोजून घेण्यात आली. त्या काळी व्हर्जिनियात तंबाखूच पैशाचे काम करी. जमिनीचे ८५ भूखंड पाडले. दरडीवर व्यापाऱ्यांची विटांची घरे व जकातघर, खाली पाण्यालगत धक्के, वखारी आणि दारूचे गुत्ते, अशी गावाची दोन मजली रचना होती. १७५० च्या सुमारास २५० ते ३०० इमारती आणि जवळपास दोन हजार वस्ती होती. पुढे तंबाखूने जमिनीचा कस गेला, मळेवाले आत पश्चिमेकडे सरकले आणि बंदराची ओहोटी युद्धाआधीच सुरू झाली. ब्रिटिश कराच्या निषेधार्थ बॉस्टनमध्ये चहा समुद्रात फेकला गेला होता; तसाच ७ नोव्हेंबर १७७४ रोजी येथेही जहाजावरचा चहा नदीत फेकला गेला. पेट्या दोनच होत्या, म्हणून बॉस्टनसारखा गाजावाजा झाला नाही.

ऑगस्ट १७८१ मध्ये कॉर्नवॉलिसने खोल पाण्याचे बंदर म्हणून गाव ताब्यात घेऊन तटबंदी सुरू केली. आरमार रसद आणील, या भरवशावर सारे होते. ५ सप्टेंबरला फ्रेंच आरमाराने चेसापीक उपसागराच्या तोंडाशी ब्रिटिश जहाजांना हटवले आणि तो भरवसा संपला. २८ सप्टेंबरला अमेरिकन सेनापती वॉशिंग्टन आणि फ्रेंच सेनापती रोशांबो यांच्या संयुक्त सैन्याचा वेढा पडला. ९ ऑक्टोबरला तोफा सुरू झाल्या. दुसऱ्याच दिवशी थॉमस नेल्सन नावाचे म्हातारे गृहस्थ पांढऱ्या निशाणाखाली गावाबाहेर आले. ते वसाहतीचे माजी सचिव. कॉर्नवॉलिसने ठाणे केलेला वाडा त्यांचाच होता आणि तो डोळ्यांदेखत कोसळत होता. गाऊटने त्यांना धड चालवत नव्हते. त्यांना न्यायला समोरच्या सैन्यातून त्यांचीच मुले आली.

त्यांचा पुतण्या थॉमस नेल्सन (धाकटा) हा स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा. तेव्हा तो व्हर्जिनियाचा गव्हर्नर होता आणि वेढ्यात प्रांतिक शिबंदीचा सेनापती. आपल्याच घरावर गोळे डागायला त्याने तोफखान्याला सांगितले, ही कथा गावात आवडीने सांगतात. ती दंतकथेतच जमा धरावी. ते घर अजून उभे आहे. भिंतीत रुतलेले दिसणारे दोन तोफगोळे मात्र विसाव्या शतकात जुन्या खाचांत बसवलेले आहेत. नेल्सनची संपत्ती युद्धाने पोखरली. १७८९ मध्ये तो वारला आणि त्याला येथील ग्रेस चर्चच्या आवारात पुरले.

१४ ऑक्टोबरच्या रात्री ब्रिटिशांचे ९ व १० क्रमांकाचे दमदमे (मातीचे मोर्चे) वेढा घालणाऱ्यांच्या हाती पडले. १६ तारखेला नदी ओलांडून निसटण्याचा कॉर्नवॉलिसचा बेत वादळाने उधळला. १८ तारखेला गावाजवळच्या मूर यांच्या घरी शरणागतीची कलमे ठरली आणि १९ ला सात हजारांहून अधिक सैनिक निशाणे गुंडाळून बाहेर पडले. कॉर्नवॉलिस आजाराचे निमित्त करून आलाच नाही.

विजयाच्या चित्रांत एक गोष्ट सहसा दिसत नाही. स्वातंत्र्याच्या आशेने हजारो काळे गुलाम ब्रिटिशांच्या मागे आले होते. गावात देवीची साथ आणि अन्नाचा तुटवडा वाढला तसे त्यांना तटाबाहेर हाकलले गेले. कित्येक जण दोन्ही सैन्यांच्या मधल्या रानात मेले. जे वाचले त्यांना शरणागतीनंतर शोधून मालकांच्या हवाली करण्यात आले. चाऱ्याअभावी मारलेल्या शेकडो घोड्यांची प्रेते नदीत तरंगत होती.

मराठी वाचकाला कॉर्नवॉलिस वेगळ्याच संदर्भात भेटतो. येथे हरून गेल्यावर पाच वर्षांत तो हिंदुस्थानचा गव्हर्नर-जनरल झाला आणि १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात पेशव्यांचे सेनापती हरिपंत फडके यांच्या फौजेशेजारी त्याची छावणी होती. यॉर्कटाउनला १६ तारखेच्या पहाटे तटाबाहेर पडून छापा घालणारा रॉबर्ट ॲबरक्रॉम्बी पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, आणि तोही श्रीरंगपट्टणला होता. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या अखेरीस कॉर्नवॉलिस पुन्हा आला आणि १८०५ मध्ये गाझीपूरला वारला.

गाव मात्र सावरले नाही. पडलेली घरे बांधायला पैसा नव्हता आणि पैसा आणणारा व्यापार दुसरीकडे गेला होता. १८१४ च्या आगीत धक्क्याकडची वस्ती आणि चर्च जळाले. यादवी युद्धात, १८६१-६२ मध्ये, फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या महासंघाच्या सैन्याने जुन्याच तटांवर माती चढवली. आज पर्यटकांना गावाभोवती दिसणारे उंच तट बहुतांशी त्या वेळचे आहेत. डिसेंबर १८६३ मध्ये दारूगोळ्याच्या स्फोटात न्यायालयाची इमारत उडाली.

विजयस्तंभ उभारण्याचा ठराव अमेरिकी काँग्रेसने ऑक्टोबर १७८१ मध्येच केला होता. पायाचा दगड शंभर वर्षांनी, १८८१ मध्ये बसला आणि स्तंभ १८८४ मध्ये पुरा झाला. १९४२ मध्ये वीज पडून त्यावरच्या पुतळ्याची मोडतोड झाली.

१९३० पासून रणभूमी राष्ट्रीय संरक्षणाखाली आली. खंदक पुन्हा उकरले, मूर यांचे घर दुरुस्त झाले आणि १९८० च्या दशकात नदीत बांध घालून वेढ्यात बुडवलेले ‘बेट्सी’ जहाज तपासले गेले. पण जपणुकीचीही किंमत होती. यादवी युद्धात मुक्त झालेल्या काळ्या लोकांनी गावाबाहेर वसवलेले स्लॅबटाउन याच रणभूमीवर होते. १९७० च्या दशकात उद्यानासाठी ती वस्ती उठवण्यात आली. यॉर्कटाउन आजही यॉर्क काउंटीचे मुख्य ठाणे आहे. २०१० च्या जनगणनेत तेथे १९५ माणसे राहत होती.